पडद्याच्या मागून पाहिलेला शिपाई

सावेडीत आमच्या सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी चार म्हाताऱ्या जमल्या की सिनेमाचा विषय निघतोच. आणि निघाला की सगळ्या माझ्याकडे बघतात, कारण मुका सिनेमा पाहिलेली त्यांच्यात मी एकटीच. नुसती पाहिलेली नाही हो, मी त्यात कामाला होते! गमतीचे किस्से माणूस चार ठिकाणी सांगून मोकळा होतो. भीतीचे तसे होत नाहीत. ते सांगायला लाज वाटते, मग पोटात साठत जातात. माझ्याकडे साठलेत ते सगळे असलेच, कारण मी जन्माची भित्री.

दुसरी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, कोल्हारला मिशनच्या शाळेत लहान मुलींना शिकवायचे. नगरला बोलपट येऊन जुने झाले होते. पण आमच्याकडच्या बापूशेठ नावाच्या गुळाच्या व्यापाऱ्यानं धंदा बंद पडलेल्या एका तंबू-सिनेमावाल्याकडून हातानं फिरवायचं मशीन आणि दोन ट्रंका भरून मुक्या फिल्म आणल्या. बाजाराच्या दिवशी भर दुपारी त्याच्या गोडाऊनची दारं-खिडक्या लावून खेळ व्हायचा. मशीन फिरवायला माझा सख्खा इसाकमामा. पुरुषांना गोष्ट समजावून सांगायला भोसलेमास्तर. आणि बायकांना सांगायला मी.

आता बायका कुठं बसायच्या ते ऐका. गोडाऊनच्या मधोमध मांजरपाटाचा पडदा बांधायचा आणि त्याच्यावर बादलीभर पाणी मारायचं. ओल्या कापडातून चित्र पलीकडेही दिसतं. पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका. त्यामुळे आम्हाला सगळं उलटं दिसायचं. डावीकडून येणारी गाडी उजवीकडून यायची, आणि पाट्यांवरची अक्षरंही उलटी. ती उलटी अक्षरं वाचायला मी घरी आरसा घेऊन बसले, महिनाभर. शेवटी इतकी सवय झाली की शाळेतला फळा सुलटा वाचताना अडखळायला लागले.

आणि दार एकच, तेही पुरुषांच्या बाजूला. जुनी फिल्म म्हणजे रॉकेलचा बोळाच, ठिणगी पडली की संपलं. खेळ सुरू व्हायच्या आधी मी दर वेळी पडद्यापासून दारापर्यंत पावलं मोजायचे. एकोणतीस भरायची. साठ-सत्तर बायका, कडेवर पोरं, आणि मधे तेवढेच पुरुष. मला घाम फुटायचा.

तरी आगीचं भय परवडलं. खरं भय गंगूमावशीचं होतं, पण ते ओघानं येईलच.

* * *

मास्तरांना आणि मला पडद्यावर दिसायचं एकच, पण आम्ही सांगायचो वेगळं. मास्तरांना शेवटाला रडवायची भारी हौस. मला अंधारात बायका रडायला लागल्या की धडकी भरायची, म्हणून माझ्या बाजूला कोणी मरतच नसे. एका फिल्ममध्ये नायिका नदीत उडी घेते. मास्तरांच्या बाजूला ती बुडाली. माझ्या बाजूला ती पोहत पोहत माहेरी गेली.

पुढच्या बाजाराला एक शेतकरी आणि त्याची बायको दोघं तरातरा मामाकडे आली. आठ दिवस घरात भांडण चालू होतं. तो म्हणे मेली, ती म्हणे माहेरी गेली, आणि ह्यावरून तिच्या माहेराचाही उद्धार झाला होता. मामा शांतपणे म्हणाला, "हे बघा, माझ्या रिळात ती उडी मारते, एवढंच आहे. पुढची फिल्म उंदरानं खाल्लीये."

नवऱ्यानं बराच विचार केला. "म्हंजी खरं काय झालं ते त्या उंदरालाच ठावं," म्हणाला, आणि दोघं समाधानानं बाजाराला गेली!

मास्तर मात्र मला नंतर बोलले. लोकांना खोटं सांगतेस म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, एखाद्याला मेलं म्हणायची मला भीतीच वाटते. त्यावर ते हसले. पुढं त्यांच्यावरच ती पाळी यायची होती, तेव्हा कोणाला माहीत?

* * *

तर गंगूमावशी. नदीपलीकडच्या वस्तीवरची. तिचा एकुलता एक मुलगा भिवा पलटणीत भरती झाला आणि परमुलखात गेला. मग सरकारी कागद आला की शिपाई सापडत नाही. मेला असंही नाही, आहे असंही नाही. त्या कागदानंतर मावशी अन्नाला धड शिवेना. शेजारणींनी दोन घास कोंबायचे, तेवढ्यावर ती होती.

त्याच सुमारास भरतीच्या साहेबानं बापूशेठकडे एक लहान रीळ दिलं. दर खेळाच्या आधी ते दाखवायचंच, असा हुकूम. त्यात काय, लांबून कवायत, तोफा, आणि शेवटी एक शिपाई अगदी जवळून. खोक्यावर बसलाय, हातात पत्र्याचा मग, चहा पितो आणि आपल्याकडे बघून हसतो. टोपीच्या सावलीत डोळे काही दिसत नाहीत.

पलटण दिसते म्हणून शेजारणींनी मावशीला धरून आणलं. तिचा जन्मातला पहिला सिनेमा. तो शिपाई आला आणि मावशी ताडकन उभी राहिली.

"ह्यो माझा भिवा हाय. डाव्या हातानं पितोय, बगा की."

भिवा डावरा होता. पोर डाव्या हातानं जेवायला बसलं की ती त्याचा हात पदरानं बांधून ठेवायची. फटकेही द्यायची. ते सगळं ती तिथंच, उभ्या उभ्या सांगायला लागली. "लई मारलंय गं मी त्या हाताला," म्हणाली, आणि रडत नव्हती, हसत होती.

पडद्याच्या पलीकडे तोच शिपाई उजव्या हातानं चहा पीत होता! मागून सगळेच डावरे दिसतात, हे आम्हा जुन्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. बाकीच्या बायकाही गप्प. आमच्यात सोनाबाई म्हणून एक होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं, तीसुद्धा मान खाली घालून चोळीचं बटण चाचपत बसली.

खेळ संपल्यावर मी मामाला सांगितलं. मामा म्हणाला, आज नको, पुढच्या बाजाराला सांगू. पुढच्या बाजाराला मावशी आली ती अंगावर जरा मांस धरून आली. पोटभर जेवते म्हणाली. मग कोण सांगणार?

* * *

तिनं भोसलेमास्तरांना पत्र लिहायला लावलं. लष्कराच्या साहेबाला. तुमचा हरवलेला शिपाई आमच्या गावात दर बाजारी दिसतो, डाव्या हातानं चहा पितो, तोच माझा भिवा, तेवढा त्याला रजा देऊन पाठवा. मास्तरांनी मान खाली घालून शब्द न् शब्द लिहिला. तिचा अंगठा घेतला. आणि पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं ते ठेवलंच.

साहेब खरं काय ते लिहून पाठवील, याची मास्तरांना धास्ती. न टाकावं तर मावशी विचारणार. ती दर आठवड्याला विचारायचीच, काही उत्तर आलं का म्हणून. मास्तर म्हणायचे, लढाईचं टपाल आहे, उशीर लागतो. एवढं बोलून ते गोडाऊनच्या मागं जाऊन पाणी प्यायचे. पडद्यावरच्या नायिका धडाधड मारणारा माणूस, पण गंगूमावशी समोरून येताना दिसली की गुळाच्या ढेपांआड लपायचा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

* * *

ट्रंकेत एक कार्टूनचं रीळ होतं. शाईनं काढलेलं कुत्र्याचं पिल्लू. ते नाचायचं, उड्या मारायचं, स्वतःचंच शेपूट काढून त्याची काठी करायचं. पुरुषांच्या बाजूला हसून हसून लोळण. आमच्याकडे शुकशुकाट. काढलेलं चित्र चालतं कसं, ह्याचाच बायकांनी धसका घेतला होता. मी आपली सांगत होते की माणसं बसून एकेक चित्र काढतात. सोनाबाई म्हणाली, "एवढा रिकामा माणूस आसतो व्हय कुठं?" तिला ते चेटूकच जास्त पटत होतं.

शेवटी पडद्यावर एक खराखुरा माणसाचा हात यायचा, हा एवढा मोठा, आणि फडक्यानं त्या पिल्लाला पुसून टाकायचा. पाय पुसले, पोट पुसलं, डोळे तेवढे राहिले, मग डोळेही गेले. पांढरा पडदा.

तो हात आला की आमच्या बाजूच्या झाडून सगळ्या बायकांनी आपापली पोरं पदराखाली ओढली. मला हसू यायला हवं होतं. पण मावशी माझ्या कानाशी लागली आणि हळूच विचारलं, "पुसल्यावर कुठं जातं गं पोरी ते?"

मी म्हटलं, कुठं नाही मावशी, दौतीत परत जातं, उद्या तोच माणूस पुन्हा काढतो. तिला ते पटलं. मला रात्रभर झोप लागली नाही, आणि ते रीळ मी मामाला पुन्हा लावू दिलं नाही.

* * *

आता फिल्मचं एक सांगते, म्हणजे पुढचं समजेल. जुनी फिल्म मशीनमध्ये तुटायची. तुटली की मामा दोन्ही टोकांची दोन-चार चित्रं कात्रीनं कापायचा आणि फिल्म चिकटवायचा. म्हणजे दर वेळी सिनेमा थोडा थोडा कमी होत जायचा. आणि लढाईच्या त्या रिळाला नेमकी शिपायापाशीच तुटायची खोड. आधी तो मग उचलायचा, प्यायचा, हसायचा. मग हसणं गेलं. मग पिणं गेलं. मग उचललेला मग ओठांपर्यंत पोचेचना.

मावशी मशीनपाशी येऊन मामावर रागावली. "इसाकदादा, आज माझ्या पोराला च्या बी पिऊ दिला न्हाई तुमी."

मामानं दोन्ही हात जोडले. पुढच्या खेळापासून शिपाई आला की तो मशीनचं हँडल हळू फिरवायला लागला, म्हणजे तेवढाच जास्त वेळ दिसेल. आणि इथंच माझी पाचावर धारण बसायची. कारण फिल्म हळू सरकली की दिव्याच्या तोंडाशी जास्त वेळ राहते, आणि तो दिवा असा तापायचा की मशीनवर हात ठेववत नसे. मी मामाला शंभरदा सांगितलं. तो म्हणायचा, माझा हात आहे मार्था, मला कळतं.

एका बाजाराला मावशी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. शिपाई दिसत होता. मामाचा हात हळू झाला, अजून हळू झाला, आणि मी बघते तो शिपायाच्या खांद्यावर एक तपकिरी डाग उमटला. तो फुगला, त्याला बुडबुडे आले, आणि खांदा फाटत गेला. बायकांना वाटलं गोळी लागली. मला माहीत होतं की फिल्म पेटलीये.

मी ओरडले नाही. मला ओरडताच येईना, एवढी मी घाबरले होते. मनातल्या मनात एकोणतीस, एकोणतीस एवढंच चाललं होतं. पलीकडून मामानं ओलं घोंगडं मशीनवर टाकल्याचा आवाज आला, वास आला, अंधार झाला. बापूशेठनं दार उघडलं. दोन मिनिटांत सगळं शमलं. मामाच्या उजव्या हाताची तीन बोटं भाजली होती.

मावशी दारातून बाहेर पडायलाच तयार नाही. भिवाला काय झालं, तेवढं सांगा म्हणाली. मामानं भाजलेल्या हातानं फिल्मचा तुकडा उन्हात धरला आणि तिला दाखवला. शिपाई होता. अंगठ्याच्या नखाएवढा, मग धरून बसलेला. जळालं होतं ते त्याच्या पुढचं. आता पडद्यावर तो तीन-चार आकडे मोजेपर्यंतच दिसायचा. पण होता.

त्या संध्याकाळी मामाच्या हाताला तेल लावताना मी रडले. म्हटलं मामा, हे कधीतरी संपणार आहे. एक दिवस फिल्म तरी संपेल, नाहीतर तिला कोणीतरी सांगेल. तेव्हा ती काय करील?

* * *

मग गुळाचा हंगाम आला. एका बाजाराला जाऊन बघते तर गोडाऊनची मागची बाजू ढेपांनी छतापर्यंत भरलेली, आणि पडदा थेट त्या ढेपांना लावलेला. बापूशेठ म्हणाला, आजपासून बायका पुढंच बसतील, मधे दोरी बांधलीये.

पुढून पाहिलं की शिपाई उजव्या हातानं मग उचलणार. दारात मावशी आधीच येऊन बसलेली, हातात पानात गुंडाळलेली भाकरी. मी मामाकडे धावले. म्हटलं ते रीळ लावू नकोस. मामा म्हणाला, हुकूम आहे, आणि लावलं नाही तर ती विचारील, मग काय सांगू? मास्तर तर भिंतीला टेकून खालीच बसले.

मामानं रीळ हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "उलटी घालतो."

म्हणजे काय, तर फिल्मची मागची बाजू पुढं करून मशीनमध्ये घालायची. की पुढं बसलेल्यांना तेच दिसेल जे आजवर मागं बसून आम्हाला दिसलं. इतकं सोपं होतं ते! मी मामाच्या पाया पडायची तेवढी राहिले. दारात बसलेल्या मावशीपर्यंत आमचा आवाज जात असेल, हे तेव्हा सुचलंच नाही.

खेळ सुरू झाला. पहिलीच पाटी उलटी आली आणि मास्तरांची दातखीळ बसली. ती मी दोरीच्या अलीकडून घडाघडा वाचली, तशी पुरुष वळून माझ्याकडे बघायला लागले. कवायत आली. बंदुका भलत्या खांद्यावर. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी दोरी घट्ट धरून उभी. मावशी माझ्या पायाशी.

शिपाई आला. डाव्या हातात मग. मावशीच्या तोंडून नेहमीसारखा एक सुस्कारा गेला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पुरुषांच्या पहिल्या रांगेतून एक म्हातारा काठी टेकत उठला. मशीनच्या उजेडात आला, त्याची सावली पडद्यावर पडली. मामानं दिवा झाकला. बापूशेठनं गडबडीनं दार उघडलं, आणि आत ऊन आलं. म्हातारा कुठला कोण, आमच्यापैकी कोणी त्याच्याशी कधी बोललेलं नव्हतं. तो मास्तरांकडे गेला.

"मास्तर, ह्यो कोन दावला आज? माझा किसन कुठंय?"

मास्तरांना काही कळेना. म्हातारा म्हणाला, सहा महिनं झालं, मी दर बाजारी चार कोस चालत येतो. हितं माझा किसन बसतो, च्या घेतो, मी त्याला बगतो अन् जातो. कुनाला काय बोललोय का मी? "ह्यो डावरा हाय. माझा किसन उजवा. माझं पोरगं आज का न्हाई दावलं?"

मास्तरांचा हात कोटाच्या आतल्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला. मामानं माझ्याकडे पाहिलं. मला मावशीकडे बघायचं धाडस होईना. दार उघडं होतं, पळून जावं असंही वाटलं.

मावशी उठली. पदर सारखा केला आणि दोरीखालून वाकून पुरुषांच्या बाजूला गेली, जिथं खेळ चालू असताना बायका कधी जात नसत. म्हाताऱ्याचा दंड धरला.

"बसा बाबा. त्यो तुमचाच किसन हाय. ह्यांनी आज फिल्लम उलटी घातलीया."

मग ती मशीनकडे वळली. "इसाकदादा," म्हणाली, "सुलटी लावा."

मामानं फिल्म काढली, सुलटी घातली. बापूशेठनं दार लावलं. शिपायानं उजव्या हातानं मग उचलला. म्हातारा खाली बसला. गंगूमावशी त्याच्या शेजारी उभी राहून ते शेवटपर्यंत बघत होती.